दीडपट

भोंगऱ्या उलटून आठ दिवस झाले होते.
केळीचं पाणी बंद करून घरी आले,
तर ओट्यावर एक बाई बसलेली.
मांडीत तुंबा, तुंब्याच्या तोंडाला बोळा,
बोळ्यावर शेण लिंपून वाळवलेलं.

"केसरबाईनं घर हाईच शे ना?"
घर हेच, म्हटलं, पण सासू जाऊन बारा वर्षं झाली.
ती थोडा वेळ तुंब्याकडेच बघत राहिली.
मग म्हणाली, "मनी मायनी बी
बठ्ठं सांगीसन जीव सोडा."

नाव वेरलीबाई. वैजापूरच्याही वर, सातपुड्यात पाडा.
अंधारात निघाली होती, पायी, मग काळी-पिवळीत
बकऱ्यांच्या शेजारी, तुंबा पोटाशी धरून.

तिच्या आईनं आमच्या घरून नेली होती
शेरभर पारवी चवळी,
मी या घरात आले त्याच्याही आधी.
बी विकायचं नसतं, उसनं द्यायचं,
आणि फेडायचं दीडपट.
हे आमच्याकडे लिहिलेलं होतं
कोठीमागच्या भिंतीवर:
गेरूचे फराटे, शेराला एक,
फिटलं की आडवी रेघ.
सासूला अक्षर येत नव्हतं,
कुठला फराटा कुणाचा हे मात्र ती अंधारात सांगायची.

त्या भिंतीला आम्ही डिस्टेंपर दिला
धाकट्याच्या लग्नात. फिका आंबा रंग.
दुसरा हात मारल्यावर काही दिसलं नाही.

बोळा फोडला. निंबाचा पाला, राख,
राखेतून चवळी,
पारव्याच्या मानेचा रंग, कडेला पांढरा डोळा.
तिची आमटी मी विसरले नव्हते.
ती आता नाही, हे विसरले होते.

कुणी मारली नाही तिला.
चवळीला चढायला ज्वारीचं ताट लागतं.
ज्वारी गेली, कापूस आला,
मग आली टिश्यूची केळी.
केळीच्या गुळगुळीत बुंध्यावर
एकदोन वर्षं चाचपडली असेल.

वेरलीबाईनं सांगितलं, वर पाड्यावरही
एका साली उंदरांनी कणगी पोखरली,
मूठभर दाणे उरले. पोरं भुकेली.
आईनं ती मूठ फडक्यात बांधून
चुलीवरच्या धुरात टांगली,
शिजवली नाही.
मी विचारलं, का गं?
"ती आमनी नही व्हती. तुमनी व्हती."

मापट्यानं मोजली तिनं.
एक शेर. मग अर्धा.
मग वर एक ओंजळ,
"उशीर व्हयना म्हनीसन."

आता तुंबा रिकामा परत कसा द्यायचा?
घरात बियाणं होतं की!
पाकिटं, गुलाबी औषध चोळलेली,
हाताळल्यावर हात धुवा असं लिहिलेली,
दरसाल नव्यानं आणायची.
तिच्यासमोर ती काढायची मला लाज वाटली.
मागच्या मोरीला भरिताचं एक झाड,
आपल्यापुरतं ठेवलेलं. त्याला एक वांगं
तोडायचं राहून गेलेलं, पिकून पिवळंजर्द,
बाजारात कुणी बोट लावणार नाही असं.
तेच देठासकट तोडून दिलं.

तिनं ते नाकाशी धरलं, मग अंगठ्यानं दाबून पाहिलं.
"बी शे," म्हणाली, एवढंच.
उठताना विचारलं, कधी परत देऊ?
सासूकडे याला काहीतरी ठरलेलं उत्तर असायचं,
ते मला आठवेना.
म्हटलं, पिकलं की.

यंदा केळीच्या बांधाला दोन तासं ज्वारी टाकायची,
चवळीला चढता येईल एवढी.
मुलगा म्हणतो, तेवढ्यासाठी ठिबकची नळी कुठवर ओढू?
म्हटलं, ओढू नकोस. ती पावसाची आहे.

कुंड्या रंगवून उरलेला गेरू होता डब्यात.
कोठी थोडी सरकवली
आणि फिक्या आंब्यावर एक फराटा ओढला,
वेरलीबाईच्या नावाचा.
मुलगा म्हणाला, भिंत खराब केलीस.
शेजारी जागा सोडलीय.